विचारा की डॉक्टरीणबाईंना : अंथरुणात फक्त बाळ

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की तान्ह्या बाळाला वर्षाचं होईपर्यंत उताणंच झोपवा, उशी नको, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांविषयी पुढं कधीतरी लिहीन. बास, एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की संपादकांचा फोन, मॅडम आता हे पुढं कधीतरी नको, याच महिन्यात घ्या. तर घेतलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही, आणि शेवटचा प्रश्न वाचताना जरा जपून, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सावकाश वाचा.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी उचगावची. मुलगा अडीच महिन्यांचा आहे. रात्री गॅसनं रडतंय आणि पालथं घातलं की लगेच गप झोपतंय. सासूबाई म्हणतात मग घाल की पालथं, उताणं ठेवलंस आणि उलटी झाली तर दूध श्वासात जाईल. शिवाय माहेरच्या बाळंतविड्यात मोहरीची उशी आणि दोन लोड आलेत ते पण ठेवायचे म्हणतात नाहीतर डोकं चपटं होणार. तुमची ती ओळ दाखवली तर म्हणाल्या डॉक्टर काय दर दहा वर्षांनी बदलतात. रोज यावरून धुसफूस चाललीय, कोण बरोबर?

उत्तर : सासूबाई एका बाबतीत शंभर टक्के खऱ्या आहेत, डॉक्टर बदलतात, आणि या विषयात तर आम्ही डॉक्टर लोकांनी चक्क माती खाल्लेली आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी, ज्यांचं बालसंगोपनाचं पुस्तक तिकडं घरोघरी असायचं, सल्ला दिला की उताणं बाळ उलटी झाली तर गुदमरेल म्हणून पालथं झोपवा, म्हणजे बघा तुमच्या सासूबाई म्हणतात अगदी तेच. बऱ्याच पाश्चात्त्य देशांत पोरं पालथी झोपायला लागली, दवाखान्यातून तसंच सांगायचे, आणि धडधाकट बाळं सकाळी पाळण्यात मेलेली सापडायला लागली. 1969 मध्ये सिएटलला डॉक्टरांची परिषद भरली तिथं या प्रकाराला सिड्स (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम) असं नाव पडलं, म्हणजे वर्षाच्या आतलं बाळ अचानक गेलं आणि पोस्टमॉर्टेम करून, जागा बघून, आजाराचा सगळा इतिहास विचारून सुद्धा कारण सापडलं नाही तर ते सिड्स. नाव पडलं पण सल्ला बदलला नाही. 2005 मध्ये जुने सगळे अभ्यास परत काढून एकत्र मांडले तेव्हा कळलं की पालथं झोपवणं धोक्याचं आहे हे 1970 पर्यंतच्या अभ्यासांतच दिसत होतं, तेव्हाच नीट बघितलं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 च्या वर बाळं वाचली असती असा अंदाज आहे. शेवटी 1987 मध्ये नेदरलँड्स, 1991 मध्ये न्यूझीलंड आणि ब्रिटन, 1994 मध्ये अमेरिका असं करत करत पाठीवर झोपवा म्हणून मोहिमा निघाल्या. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या ॲन डायमंड यांचं बाळ 1991 च्या जुलैमध्ये असंच गेलं, त्या थेट न्यूझीलंडला जाऊन माहिती घेऊन आल्या आणि सरकारच्या मागं हात धुवून लागल्या. अमेरिकेत असे मृत्यू निम्म्यावर आले, ब्रिटनमध्ये तर आजपर्यंत 80 टक्क्यांच्या आसपास कमी झालेत. ना औषध ना मशीन, उलटं झोपत होतं ते बाळ सुलटं केलं, बास. तेव्हा सासूबाईंना सांगा, डॉक्टर बदलले ते यासाठी बदलले.

आता उलटीचं. बाळ उताणं असताना श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली, पाठीच्या बाजूला. म्हणजे दूध वर आलं तर त्याला श्वासनळीत जायला चढ चढावा लागतो, त्यापेक्षा ते परत गिळलं जातं नाहीतर बाळ ठसकून बाहेर टाकतं. पालथं घातलं की उलटं होतं, श्वासनळी खाली आणि दूध सरळ उतारानं तिच्या तोंडाशी. उताणी झोपणारी बाळं उलटीनं जास्त गुदमरतात असं इतक्या वर्षांत, इतक्या देशांत कुठंच दिसलेलं नाही. कुशीवर पण नको, कुशीवरचं बाळ कधी पालथं पडेल भरवसा नाही.

आणि ते पालथं घातलं की लगेच गप झोपतं म्हणता ना, माझी काळजी नेमकी तिथं आहे. पालथं बाळ जास्त गाढ झोपतं, सहज जागं होत नाही. गादी मऊ असेल, तोंड त्यात रुतलेलं असेल तर स्वतःच सोडलेला श्वास परत आत घेत राहतं, हवेतला ऑक्सिजन कमी कमी होत जातो. बहुतेक बाळं अशा वेळी चुळबुळ करतात, मान फिरवतात, रडतात. पण काही बाळांच्या मेंदूच्या बुडाशी जी जागा श्वास आणि जाग सांभाळते तिथं जन्मतःच थोडी उणीव असते, बाहेरून काहीही कळत नाही, हसतंय खेळतंय दूध पितंय. 1994 मध्ये फिलियानो आणि किनी या दोघा संशोधकांनी हे नीट मांडलं, की तीन गोष्टी एकाच वेळी गाठ पडतात तेव्हा घात होतो : असं नाजूक बाळ, नाजूक वय आणि बाहेरून एखादा ताण म्हणजे पालथं असणं, तोंड झाकणं, उकडणं, धूर. सगळ्यात जास्त धोका 2 ते 4 महिन्यांत आणि दहातली नऊ बाळं 6 महिन्यांच्या आतली. तुमचं अडीच महिन्यांचं, म्हणजे ऐन काळात. बाळ नाजूक आहे का ते आपल्याला आधी कळत नाही, वय तर थांबवता येत नाही, हातात राहतं ते फक्त तिसरं.

उशीचं सांगते आणि कबूलही करते. माझी स्वतःची मुलगी मी 1998 साली मोहरीच्या उशीवर झोपवलेली आहे, बालरोगतज्ज्ञ असून. आईनं शिवलेली, हिरव्या खणाची. तेव्हा इतकं कुणी सांगत नव्हतं आणि उशी दिसायला इतकी गोड की मनात आलंच नाही. आज मी सांगते, उशी, लोड, मऊ खेळणी, जाड गोधडी, कडेनं लावायच्या मऊ गाद्या यातलं काहीही झोपेत जवळ नको. महाद्वार रोडला मच्छरदाणीवाली छोटी गादी मिळते ना छत्रीसारखी, तिच्यात पण उशी आणि जाड मऊ कडा असतात, मच्छरदाणी वापरा जरूर, डास चावून डेंगू व्हायला नको, पण उशी बाहेर काढा आणि जाळी तोंडावर लोंबणार नाही अशी ताणून लावा. अंथरूण सपाट आणि घट्ट पाहिजे, कापसाची दाबून भरलेली गादी चालते, बाळ ठेवल्यावर खड्डा पडला तर ती मऊ. डोकं चपटं होण्याची काळजी असेल तर बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, दिवसातून चार वेळा पोटावर खेळवा. पहिल्यांदा दोन मिनिटं पण रडेल, मग वाढवत न्या. सासूबाईंना हे काम द्या, त्यांना पालथंच घालायचंय ना, दिवसा घालू देत. गॅस निघायला पण मदत होते.

पुढं 5-6 महिन्यांत बाळ आपणहून उलटं सुलटं व्हायला लागलं की रात्री उठून उठून सरळ करत बसू नका. झोपवताना उताणं ठेवायचं, मग त्याचं ते बघेल. आणि उलटायची नुसती चिन्हं दिसली तरी दुपट्यात आवळून गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

प्रश्न : बाळ रात्री दर दोन तासांनी उठतंय. जायफळ उगाळून चाटवू का? आमच्या शेजारच्या सर्दीचं औषध देतात म्हणे, मस्त झोपतात पोरं. (राजारामपुरी)

उत्तर : दोन्ही नको. वर वाचलंत ना, बाळाचं मधेच जागं होणं ही त्याची राखण आहे, ती औषधानं झोपवू नका. सर्दीची झोप आणणारी औषधं तान्ह्यांना तर अजिबातच नकोत आणि जायफळ किती उगाळलं गेलं याचं माप कुणाकडंच नसतं. तुमची झोप होत नाही हे खरंय, त्यावर उपाय नवऱ्याला उठवणे.

प्रश्न : डॉक्टर, मी गडहिंग्लजची, वय 71. सात पोरं वाढवली, पाच नातवंडं या हातानं न्हाऊ घातली. सुनेच्या खोलीत शेगडी ठेवली तर ती बाहेर काढते, धुरी देऊ देत नाही, टोपडं काढून टाकते, वाकळ घालू देत नाही. बाळंतीण आणि बाळ उघडं ठेवायची ही कुठली पद्धत? आमच्या पोरांना काय झालं का?

उत्तर : आज्जी, सात पोरं वाढवलीत त्याला माझा नमस्कार, पाच नातवंडांना न्हाऊ घातलंत त्या हातांची तर मला आत्ताच गरज आहे, आजकालच्या पोरींना मांडीवर पाय पसरून बाळ न्हाऊ घालता येत नाही. पण शेगडीच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूची आहे.

तुमच्या काळात घराला कौलं होती आज्जी. कौलांच्या फटीतून धूर निघून जायचा, दारं नीट बसायची नाहीत, वारा खेळायचा. आता सुनेची खोली स्लॅबची, खिडकीला काच, वर पावसाचं म्हणून तीही बंद. जुलैत दुपटी वाळत नाहीत म्हणून शेगडीवर वाळत घातलेली मी कितीतरी घरांत बघितलीयत, बाळ तिथंच कोपऱ्यात. कोळसा अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याला ना वास ना रंग, डोळ्यांना झोंबत पण नाही. बंद खोलीत आई आणि बाळ दोघंही झोपल्या झोपल्या जाऊ शकतात आणि लोक म्हणतात बाहेरचं लागलं. हे सिड्स नव्हे, ही विषबाधा, पण पोरं झोपेतच जातात म्हणून इथंच लिहिते. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी बाळंतिणीला द्या. दुपटी इस्त्रीनं वाळवा. ओवा-वेखंडाची धुरी म्हणजे शेवटी धूरच, इवल्या छातीला तो झेपत नाही.

टोपडं दवाखान्यातून आणताना, बाहेर नेताना घाला की, झालरीचं, लाल, काय पाहिजे ते. घरात झोपताना काढायचं. मोठ्या माणसाला भरपूर घाम येतो, बाळाला जास्तीची उष्णता टाकायला डोकं हीच मोठी जागा, ती झाकली आणि वर वाकळ घातली की आतल्या आत तापतं. शिवाय टोपडं सरकून नाकावर येतं. थंडीच्या दिवसांत सिड्स जास्त व्हायचे ते बऱ्याच अंशी या गुंडाळागुंडाळीमुळं. तुम्हाला अंगावर जेवढं लागतंय त्याच्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढंच माप. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, तान्ह्यांचे असतातच, मानेमागं किंवा छातीवर हात लावून बघा, तिथं ओलसर घाम लागला तर एक कपडा काढायचा. थंडी फारच असेल तर वाकळीऐवजी झबल्यावर झबलं घाला, ते तोंडावर येत नाही.

पोरांना काय झालं का म्हणता, तुमच्या सातांना नाही झालं हे खरंच आहे. पण गावात त्या काळी बाळ झोपेत गेलं की दृष्ट लागली, सटवाईचा लेख, असं म्हणून पुरायचे आणि विषय संपायचा. ती पोरं कुणी मोजली नाहीत. आजही आपल्याकडं तान्ह्याचं पोस्टमॉर्टेम फारसं होत नाही त्यामुळं सिड्स हा शब्द मृत्यूच्या दाखल्यावर क्वचितच दिसतो.

अजून एक मागते आज्जी. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपताना नको, आवळला तर कुणाला कळणार नाही. करगोट्याला बांधा, कंबरेला दृष्ट लागत नाही असं कुठं आहे?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत कामाला. एका खोलीत पाचजण राहतो. साडीची झोळी बांधलीय, बाळ चार महिन्यांचं, झोळीशिवाय झोपतच नाही. झोळी वाईट का?

उत्तर : दादा, झोळीत झोपलेली पिढी म्हणजे आपणच, त्यामुळं वाईट हा शब्द मला पण जड जातो. पण अडचण खरी आहे. कापडात बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्याची श्वासनळी इतकी मऊ असते की मान पुढं वाकली की चिमटते. एखादा पाण्याचा पाइप मुरगळावा तसं. वरून कापड दोन्ही बाजूंनी तोंडाशी येतं. तेव्हा झोळीत हलवून डोळा लागला की उचलून खाली सपाट अंथरुणावर उताणं ठेवा. पहिले चार-पाच दिवस ठेवलं की जागं होईल, परत हलवा, परत ठेवा. सतरंजी आणि तिच्यावर घट्ट गोधडी घातलेली जमीन ही एका खोलीतली सगळ्यात चांगली जागा आहे, तिथनं पडायची पण भीती नाही. हीच गोष्ट गाडीतल्या कार सीटची आणि झोपाळ्यासारख्या बाउन्सरची, प्रवास संपला की त्यातनं काढायचं. तिरक्या बिछान्यांवर आणि पाळण्याच्या कडेनं लावायच्या जाड गाद्यांवर तर अमेरिकेनं 2022 मध्ये कायद्यानं बंदीच घातली.

प्रश्न : सिझेरियन झालंय, रात्री तीन-चार वेळा पाजायला उठवत नाही म्हणून बाळ माझ्याच शेजारी झोपतं. वजन जन्मताना 2 किलो 100 ग्रॅम होतं, 35 व्या आठवड्यात झालं. इंटरनेटवर बघितलं तर कुणी म्हणतं शेजारी झोपवूच नका, कुणी म्हणतं आईच्या कुशीतच सुरक्षित. डोकं फिरलंय. (कळंबा)

उत्तर : डोकं फिरणारच, कारण इथं तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात बाळ त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर पण वेगळ्या अंथरुणावर, निदान 6 महिने. ब्रिटनमध्ये सांगतात की काही परिस्थितीत शेजारी अजिबात घेऊ नका आणि बाकीच्या वेळी घेतलंत तर कसं घ्यायचं ते शिका. आपल्याकडं वेगळी खोली आणि वेगळा पाळणा हे बहुतेकांना जमणारं नाही, आणि ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहरात एक अभ्यास झालाय त्यात दिसलं की तिथल्या पाकिस्तानी घरांत आईजवळ झोपणारी बाळं जास्त, तरी सिड्स कमी, कारण त्या आया सिगारेट ओढत नव्हत्या, दारू पीत नव्हत्या आणि बाळाला घेऊन सोफ्यावर झोपत नव्हत्या. म्हणजे नुसतं शेजारी असणं हा प्रश्न नाही, शेजारी कोण आणि कशावर हा आहे.

पण ताई तुमच्या बाबतीत मी गोलगोल बोलणार नाही. 37 आठवड्यांच्या आत झालेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ एकाच अंथरुणावर नको, पहिले काही महिने तरी. पलंगाला लागून खाली बाळाचं वेगळं सपाट अंथरूण करा, किंवा तुम्हीच खाली गादी घालून झोपा आणि बाळाची तिच्या शेजारी. सिझेरियनचे टाके आहेत तोवर रात्री उचलून हातात देण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. त्यांनी जर एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळ पालथं ठेवलेलं बघितलं असेल तर सांगा, तिथं चोवीस तास मॉनिटर लावलेला असतो, घरी नाही. दिवसा छातीशी उघड्या अंगाला लावून कांगारूसारखं जरूर धरा, फक्त तुम्ही जाग्या असताना.

दूध अंगावरचंच पाजा, निदान दोन महिने पाजलं तरी सिड्सचा धोका जवळपास निम्मा होतो. आणि रात्री पाजताना झोप येणार असं वाटलं तर सोफ्यावर किंवा खुर्चीत बसूच नका, अंथरुणावर पाजा. ही एक गोष्ट मी भांडून सांगते. सोफ्यावर डोळा लागला आणि बाळ कडेच्या फटीत सरकलं हा सगळ्यात वाईट प्रकार, यापुढं अंथरूण परवडलं.

प्रश्न : दीड महिन्याच्या लसीनंतर दोन दिवसांनी बाळ झोपेत गेलं असं गल्लीत झालंय. आता आमच्या घरात लस नकोच म्हणतात. (कसबा बावडा)

उत्तर : आपल्याकडं लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात आणि सिड्सचा काळ पण 2 ते 4 महिने. दोन्ही एकाच खिडकीत येतात, त्यामुळं काही बाळं लसीनंतरच्या आठवड्यात जाणारच, जशी ती लस नसती तरी गेली असती. नुसतं तोंडानं हे सांगून भागत नाही म्हणून लोकांनी मोजून बघितलंय, आणि लस घेतलेल्या बाळांत सिड्स जास्त नव्हे, उलट जवळपास निम्मा निघाला. गल्लीतल्या त्या घराला काय बोलायचं ते शेवटच्या उत्तरात वाचा. तुमच्या बाळाची तारीख चुकवू नका, डांग्या खोकल्यानं तान्ह्याचा श्वास खरोखर थांबतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत, बाळंतपणाला बायको कोल्हापुरात. पायातला स्मार्ट मोजा घेऊन पाठवू का, ऑक्सिजन दाखवतो. आणि व्हॉट्सॲपवर आलंय की सिड्सचं कारण सापडलं, खरं का?

उत्तर : मोजा नको. त्यानं सिड्स टळतो असं कुठंही सिद्ध झालेलं नाही, रात्री उगाच वाजतो, सगळं घर उठतं, आणि दोन आठवड्यांत मोजा आहे म्हणून लोक उशी परत ठेवतात. त्या पैशात एक महिना सुट्टी टाका आणि या.

ती बातमी 2022 ची. सिडनीला कार्मेल हॅरिंग्टन नावाच्या बाई आहेत, त्यांचं स्वतःचं मूल असंच अचानक गेलेलं, त्यांनी जन्मावेळी घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत एक एन्झाइम तपासलं तर नंतर सिड्सनं गेलेल्या बाळांत ते कमी दिसलं. चांगलं काम आहे. पण अशी बाळं होती फक्त 26, आणि त्यावरून कोणतं बाळ जाईल हे सांगता येत नाही. कारण सापडलं हे फॉरवर्ड करणाऱ्यांनी लावलेलं शेपूट.

प्रश्न : माझी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे, मिश्री लावते. म्हणते, मी काय सिगारेट ओढत नाही.

उत्तर : निकोटीन तोंडातून गेलं काय आणि धुरातून गेलं काय, रक्तातून बाळाच्या मेंदूपर्यंत जातंच, आणि तीच ती जाग सांभाळणारी जागा बिघडवतं. स्वीडनमध्ये बायका ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवतात, आपल्या मिश्रीची बहीणच समजा, तिथं 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात अशा आयांच्या बाळांत सिड्स सुमारे तिप्पट निघाला आणि ज्यांनी सुरुवातीलाच सोडली त्यांच्या बाळांचा धोका कमी झाला. पाचवा महिना म्हणजे उशीर झालेला नाही. एकदम सुटत नसेल तर आधी सकाळची ठेवून बाकीच्या बंद, मग ती पण. आणि दिराला सांगा बिडी अंगणात सुद्धा नको, कपड्याला वास घेऊन बाळाशेजारी झोपतात हे लोक.

प्रश्न : मॅडम कसं लिहू कळत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची तीन महिन्यांची मुलगी पंधरा दिवसांपूर्वी गेली. रात्री दोनला पाजून शेजारी झोपवली, पाचला बघितलं तर गार. दवाखान्यात नेलं, गेलीय म्हणाले. पोस्टमॉर्टेम घरच्यांनी नको म्हटलं, इवल्या जिवाला कापायचं कशाला. आता सासरचे म्हणतात हिनंच अंगाखाली घेतली, कारण पाठीवर जांभळे डाग होते आणि नाकाशी गुलाबी फेस. आत्या म्हणतात सटवाईनं एवढंच लिहिलेलं. बहीण बोलत नाही. नुसती छाती दुखते म्हणते, दूध अजून येतंय. पाळणा खोलीतच आहे, तो माळ्यावर टाकावा का?

उत्तर : ताई, आपण फोनवर बोललोच आहे, तुम्ही हो म्हणालात म्हणून इथं लिहिते, कारण असंच घर अजून कुठंतरी असणार.

आधी डागांचं, कारण तिच्या मानेवर तोच दगड आहे. माणूस गेलं की रक्त वाहायचं थांबतं आणि खालच्या बाजूला साकळतं. उताणं असलेल्या बाळाच्या पाठीवर जांभळट, लालसर डाग येतात, कधी हातभर, मार दिल्यासारखे. ते मार नव्हेत, दाबल्याच्या खुणाही नव्हेत, ते गेल्यानंतर येतात. नाकाशी गुलाबी फेस येणं हे सुद्धा अशा मृत्यूत नेहमी दिसतं, फुप्फुसातलं पाणी असतं ते. हे दोन्ही बघून अंगाखाली घेतली असं कुणालाही म्हणता येत नाही, मला नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरांना नाही, सासूला तर नाहीच. पाठीवर डाग म्हणजे गेल्यानंतर पोर उताणी होती, एवढाच त्याचा अर्थ. सासरच्या माणसांसमोर हे मी स्वतः बोलायला तयार आहे, घेऊन या त्यांना, चहा माझ्याकडं.

पोस्टमॉर्टेम केलं नाही म्हणून कुणाला दोष देऊ नका, त्या पहाटे कुणालाच सुचत नाही. केलं असतं तर हृदयाचा, संसर्गाचा किंवा शरीरातल्या रसायनांचा एखादा लपलेला आजार सापडला असता किंवा काहीच सापडलं नाही हे तरी कळलं असतं. दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ आली आणि डॉक्टरांनी सुचवलं तर हो म्हणा, बाळाचं अंग नीट शिवून, कपडे घालून परत देतात. तुमच्या बहिणीनं पुढं कधी विचार केला तर दुसऱ्या बाळंतपणाआधी दोघांचा ईसीजी आणि घरात आधी कुणी तरुण वयात अचानक गेलंय का याची विचारणा एवढं करू. परत तसंच होईल असं धरून चालू नका, बहुतेक घरांत होत नाही.

छाती दुखतेय त्याचं आजच करायचं. दूध पिळून पिळून काढू नका, काढलं की अजून येतं. फार ताण आला तर थोडंसं, हलकं वाटेपर्यंत, बाकी गार पाण्याच्या घड्या आणि नीट आधार देणारी ब्रा. डॉक्टरांकडून दूध आटायची गोळी मिळते, पण तिलाच विचारून. ताप आला, एखादी जागा लाल गरम झाली तर थांबू नका. पंधरा दिवसांत झोप नाही, जेवण नाही, मलाच का नेलं नाही असं ती म्हणायला लागली तर मला रात्री पण फोन करा, अशा वेळी मनाच्या डॉक्टरांची औषधं लागतात आणि ती घेतल्यानं पोरीवरचं प्रेम कमी होत नाही.

तिच्याशी काय बोलू म्हणता. नशीब, लेख, देवाला आवडली, दुसरं होईल, यातलं काहीच नको. पोरीचं नाव घ्या. बारसं झालं होतं ना, मग नाव आहे तिला, सगळं घर आता ते टाळतंय आणि तिला वाटतंय एकटीच्याच लक्षात आहे. तिच्या नवऱ्याशी पण कुणीतरी बोला, तो दिवसभर दुकानात बसतो म्हणालात, पोर त्याचीही होती.

पाळणा माळ्यावर टाकू नका, निदान ती माहेरी गेलेली असताना गुपचूप तर नाहीच. तिला विचारा. राहू दे म्हणाली तर राहू दे, वर्षभर राहिला तरी कुणाचं काय जातंय. काढा म्हणाली तर तुम्ही दोघींनी मिळून दोऱ्या सोडा, आणि आतलं दुपटं धुवायला टाकण्याआधी तिच्या हातात द्या.